मशेरीचा रकाना

फोनवर सगळा महाराष्ट्र पाच किलोंनी हलका आणि दोन इंचांनी उंच होतो, हे डॉक्टर प्रमोदिनी शेलारला चार वर्षांत पाठ झालं होतं. नोएडाच्या सेक्टर त्रेसष्टमध्ये, चौथ्या मजल्यावर, कानाला हेडफोन लावून ती दिवसाला वीस-पंचवीस माणसांची तब्येत तपासायची, आणि त्यातल्या एकाचंही तोंड तिला दिसायचं नाही. आरोग्य विम्याचा अर्ज केला की कंपनी डॉक्टरकडून फोन करवते. उंची किती, वजन किती, साखर आहे का, कधी ऑपरेशन झालंय का, दारू-सिगारेट-तंबाखू काही आहे का. उत्तरं ऐकून डॉक्टर रकाने भरतो. त्या रकान्यांवरून वरची माणसं ठरवतात, की विमा द्यायचा का, आणि द्यायचा तर नेहमीच्या हप्त्यात की जादा. या जाद्याला ऑफिसात लोडिंग म्हणत. अर्जात भाषा निवडायची सोय होती, आणि मराठी निवडणारे सगळे प्रमोदिनीच्या किंवा तिच्या शेजारी बसणाऱ्या सिद्धांतच्या वाट्याला यायचे.

माणसं खोटं बोलतात याचा तिला राग यायचा नाही, उलट गंमत वाटायची. वजन विचारलं की समोरचा थोडा थांबतो. त्या थांबण्यात तो स्वतःला किती सूट द्यायची याचा विचार करतो. मग प्रमोदिनी गोड आवाजात विचारायची, "दादा, पँट कितीची घेता?" पँटीच्या मापाबद्दल खोटं बोलायचं माणसाला सुचत नाही, आणि अडतीस कमरेचा माणूस अडुसष्ट किलोंचा कसा, हे मग दोघांनाही कळायचं. दारूला सगळे "कधीतरी" म्हणायचे. "मागच्या आठवड्यात कधीतरी किती वेळा झालं?" असं ती विचारायची. एकदा सांगोल्याच्या एका गृहस्थांनी छातीठोक सांगितलं, की मी सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत नाही, तेवढ्यात मागून बायकोचा आवाज आला, "मग त्या सदऱ्याच्या खिशातल्या तंबाखूच्या पुडीवरची गाय काय दूध देते?" प्रमोदिनीने हेडफोनच्या या बाजूला तोंडात ओढणी कोंबून हसू आवरलं आणि रकान्यात "हो" लिहिलं.

पण तिचं खरं नाव झालं ते मशेरीमुळे. पहिल्याच वर्षी शिराळ्याकडची एक बाई होती. तंबाखू? नाही. गुटखा? नाही. विडी, सिगारेट? "अगं बाई, आमच्याकडं बायका असलं काही करत नाहीत." सगळं कोरं करकरीत. शेवटी प्रमोदिनी आभार मानायला लागली तर ती बाई म्हणाली, "जरा थांबा डॉक्टर, तोंडात मशेरी हाय, थुंकून येते." प्रमोदिनी पाटणची सून. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेला तंबाखू, त्याची पूड, ती बोटाने दातांना लावणाऱ्या बायका तिने ढिगाने पाहिल्या होत्या. त्यांच्या लेखी ते दात घासणं होतं. तंबाखू खातात ते पुरुष. तेव्हापासून ती प्रत्येक बाईला वेगळं विचारू लागली, "मशेरी लावता का?" आणि बायका अगदी मोकळेपणाने सांगू लागल्या, लावते की, दिवसातून तीनदा लावते. सहा महिन्यांनी मॅनेजरने विचारलं, की मराठी बायकांमध्येच तंबाखू एवढा कसा निघतो. प्रमोदिनीने समजावून सांगितलं. मग मराठीच्या छापील प्रश्नावलीत सातव्या प्रश्नाखाली एक नवा प्रश्न आला, सात-अ. त्याबद्दल तिला एक ईमेल, एक प्रशस्तिपत्र आणि आठशे रुपयांचं गिफ्ट कार्ड मिळालं. प्रशस्तिपत्र फ्रिजवर चुंबकाने लावलेलं होतं.

तिचं म्हणणं सरळ होतं. करावं तसं भरावं. जो पहाटे उठून चालायला जातो त्याने, शेजारचा दिवसाला दोन पुड्या गुटखा खातो म्हणून, त्याच्या कॅन्सरचे पैसे का भरायचे? सिद्धांतला हे पटायचं नाही. तो कोथरूडचा, वादाला कधी ना म्हणायचा नाही. जेवणाच्या सुट्टीत रोज हाच विषय.

"मग तुझा पहाटे चालणारा माणूस," सिद्धांत म्हणायचा, "नोव्हेंबरात दिल्लीत चालत असेल तर? तो तर एका तासात आठ सिगारेटी ओढून घरी येतो. दिल्लीत राहणं ही लाइफस्टाइल चॉइस आहे की नाही? लाव लोडिंग."

"यार, ते वेगळं. हवा कुणी निवडत नाही."

"आणि आपण? नऊ तास खुर्चीत बसतो, दुपारी मोमोज खातो. आपल्याला कुणी विचारलं, मॅडम, आज किती पावलं चाललात?"

"विचारावं. मी खरं सांगेन."

"किती?"

"मेट्रोपासून इथपर्यंत."

"ई-रिक्षाने," सिद्धांत म्हणायचा, आणि तिच्या डब्यातली भेंडी उचलायचा. वाद तिथेच राहायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथूनच सुरू व्हायचा.

घरी मात्र या विषयावर प्रमोदिनी बोलत नसे. कारण घरी तानूबाई होत्या.

तानूबाई म्हणजे तिच्या सासूबाई. सासरे एसटीच्या पाटण डेपोत मेकॅनिक होते. ते गेल्यावर प्रमोदिनीच्या नवऱ्याने, दीनानाथने, आईला नोएडाला आणलं, त्याला तीन वर्षं झाली. त्रेसष्टाव्या वर्षी माणूस नव्या गावात बावरतो म्हणतात. तानूबाई बावरल्या नाहीत. पंधरा दिवसांत त्यांनी सोसायटीच्या बागेतल्या पंजाबी आणि बिहारी बायकांत आपली जागा केली. हिंदी त्यांना येत नव्हतं, म्हणजे आपल्याला येत नाही हे त्यांना माहीत नव्हतं. त्या मराठीच्या शेवटी "है" लावून धडाधड बोलायच्या आणि समोरच्या बायकांना सगळं कळायचं. हिवाळ्यात उन्हात बसून शेंगा फोडता फोडता त्या सुनेचं कौतुक सांगायच्या. "हमारी बहू डॉक्टर है. फोन पे पूरा महाराष्ट्र तपासती है. उसने खुद का एक सवाल लगाया है कंपनी में." सात-अ ची कीर्ती अशी ऑफिसातून घराच्या सेक्टर शहात्तरपर्यंत पोचली होती.

आणि याच तानूबाई दिवसातून चार वेळा मशेरी लावायच्या.

हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. दिवाळीला गावी गेलं की दीनानाथच्या बॅगेतून तंबाखूची पानं यायची, चकलीच्या डब्याखाली. प्रमोदिनी ऑफिसला गेली की तानूबाई किचनची चिमणी चालू करून वेगळ्या तव्यावर ती भाजायच्या. तरी वास जायचाच. एकदा समोरच्या फ्लॅटमधल्या बाई ठसकत धावत आल्या होत्या, की तुमच्याकडे मिरच्या जळताहेत. प्रमोदिनीने पहिल्या वर्षी दोनदा सांगून पाहिलं. तानूबाई म्हणाल्या, "तुमच्या दातांना ब्रश, माझ्या दातांना मशेरी. बत्तीसच्या बत्तीस आहेत अजून, मोजून घे." प्रमोदिनी गप्प बसली. सासू सकाळी सहाला उठून डबे करते, कुरिअर घेते, भाजीवाल्याशी भांडून कोथिंबीर फुकट आणते. तिच्याशी बोटभर मशेरीवरून कोण वाकडं घेणार? शिवाय खरं सांगायचं तर प्रमोदिनीला त्यांची माया होती, आणि मायेच्या माणसाला डॉक्टरकी शिकवायला जीव धजत नाही.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग दीनानाथने नोकरी बदलली.

दीनानाथ म्हणजे पोटाने सुखी माणूस. रविवारी सकाळी छोले-भटुरे, येताना अर्धा किलो जिलबी, आणि वर "सोमवारपासून जिम" ही प्रतिज्ञा. नव्या कंपनीत पगार वाढला, पण विमा फक्त नवरा-बायकोचा. आईवडिलांचा नाही. जुन्या विम्यात तानूबाई होत्या, तो डिसेंबरअखेर संपला. आणि तानूबाईंचा उजवा गुडघा गेलं वर्षभर कुरकुरत होता. डॉक्टर म्हणाले होते, दोन-तीन वर्षांत बदलावा लागेल. म्हणजे आईचा विमा आत्ताच काढायला हवा होता. जुन्या दुखण्याला विमा दोन-तीन वर्षांनी लागू होतो, म्हणजे आज काढला तर गुडघ्याची वेळ येईपर्यंत तो लागू होईल. नाही काढला, तर ते ऑपरेशन दोघांची गंगाजळी धुऊन नेईल.

एका संध्याकाळी दीनानाथ लॅपटॉप घेऊन बसला. गुडघ्याचं त्याने सगळं खरं भरलं. "तंबाखूचं सेवन" या ओळीवर त्याचा हात थांबला.

"आई, तू तंबाखू खातेस?" त्याने आतल्या खोलीत ओरडून विचारलं.

"मी काय ड्रायव्हर आहे?" आतून उत्तर आलं.

दीनानाथने "नाही" वर टिचकी मारली आणि बायकोकडे पाहिलं. प्रमोदिनी वाटाणे सोलत होती. तिने मान वर केली नाही.

"ती खोटं बोलत नाहीये," तो हळूच म्हणाला. "तिला खरंच तसं वाटतं."

"मला माहितीये."

"आता भाषा विचारतंय. फोन कुठल्या भाषेत हवा." त्याने स्क्रीन तिच्याकडे वळवली. "मराठी टाकलं तर..."

पुढचं त्याला सांगायची गरज नव्हती. मराठी टाकलं तर मराठी डॉक्टर, आणि मराठी डॉक्टर म्हणजे सात-अ. ही दुसरी कंपनी होती, पण फोन करणाऱ्या एजन्सींमध्ये माणसं इकडची तिकडे होतात आणि प्रश्नही त्यांच्याबरोबर जातात. मशेरी आता तिथेही विचारत असत. हिंदीत मात्र मशेरी हा शब्दच नाही. हिंदीतला डॉक्टर तंबाकू, गुटखा, बीडी विचारणार, तानूबाई नाही म्हणणार, अगदी मनापासून, आणि हप्ता नेहमीचा लागणार. कुणी काही खोटं बोललं असंही होणार नाही. प्रमोदिनीने वाटाण्याची एक शेंग सोलली, आत तीनच दाणे निघाले. तिला सगळं स्पष्ट दिसत होतं, पुढचंसुद्धा. उद्या काही झालं आणि दवाखान्याच्या कागदावर "मशेरी, पन्नास वर्षं" असं लिहून आलं, तर विमा कंपनी लपवाछपवी म्हणून हात वर करेल. असे कितीतरी दावे नाकारले गेलेले तिने पाहिले होते, आणि त्या माणसांची तिने फारशी कीवही केली नव्हती.

"हिंदी टाक," ती म्हणाली.

तानूबाईंना सांगितलं, की तुमची हिंदी एवढी छान झालीय म्हणून फोन हिंदीत ठेवलाय. तानूबाईंची कळी खुलली. दोन दिवस त्या बागेत कुणाशीही बोलताना शब्द जपून वापरत होत्या, परीक्षेआधी मुलं वागतात तशा.

त्या दोन दिवसांत प्रमोदिनीने ऑफिसात एकोणीस बायकांना मशेरी विचारली. अकरा "हो" निघाल्या. प्रत्येक "हो" लिहिताना तिला आपलीच लाज वाटत होती. सिद्धांतने भेंडी उचलली आणि विचारलं, "काय गं, आज करावं तसं भरावं नाही?" ती म्हणाली, "गप जेव."

फोन शनिवारी सकाळी अकराला आला. बाल्कनीत ऊन होतं. तानूबाईंनी ठेवणीतली इरकल नेसली होती, फोनवर दिसत नाही हे सांगूनही. मोबाइल स्टूलवर, आवाज मोठा, एका बाजूला दीनानाथ, दुसऱ्या बाजूला प्रमोदिनी. पलीकडे डॉक्टर ममता नावाची एक तरुण मुलगी होती. तिने नाव विचारलं, जन्मतारीख विचारली. तानूबाईंनी सगळी उत्तरं जोरात दिली, कारण मुलगी लांब बसली असणार. वजन विचारल्यावर त्यांनी खरं सांगितलं, आणि वर "गुडघे की वजह से बढ़ा है, खाने की वजह से नहीं" असा खुलासाही केला. बीपी थोडं. साखर नाही. दोन बाळंतपणं, दोन्ही घरी.

"माताजी, तंबाकू, गुटखा, बीडी, सिगरेट, कुछ लेती हैं?"

"नहीं."

"शराब?"

"राम राम."

दीनानाथने सुटकेचा श्वास सोडला. डॉक्टर ममताने आणखी दोन-तीन प्रश्न विचारले आणि म्हणाली, "बस माताजी, हो गया. आपका बहुत-बहुत धन्यवाद."

"हो गया?" तानूबाई म्हणाल्या. "एक सवाल रह गया ना आपका."

"कौन सा, माताजी?"

"मशेरी का."

दीनानाथ आईला हाताने खुणा करू लागला. तानूबाईंनी त्याचा हात, डास हाकलावा तसा बाजूला केला.

"वो क्या होता है?" पलीकडून विचारणा झाली.

"हमारी बहू भी डॉक्टर है, यही काम करती है," तानूबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात असा अभिमान होता, की तो ऐकून प्रमोदिनीला जमिनीत जावंसं वाटलं. "वो सब औरतों को पूछती है. तंबाखू अलग, मशेरी अलग. औरतें तंबाखू को ना बोलती हैं, मशेरी को हाँ बोलती हैं. वो नहीं पूछा तो कागज़ अधूरा रहता है, ऐसा उसका कहना है. आप भी पूछा करो."

मग मशेरी म्हणजे काय ते त्यांनी सांगितलं. तवा, भाजणं, पूड, बोट, दात. पलीकडे टाइप केल्याचा आवाज येत होता.

"तो माताजी, आप लगाती हैं?"

"लगाती ना. दिन में चार बार. कभी पाँच."

"कब से?"

"ग्यारह साल की थी."

टाइप करायचा आवाज थांबला. "ग्यारह? इतनी छोटी? किसने लगवाई?"

आता तानूबाईंच्या हिंदीची गाडी जरा अडखळली. शब्द शोधत त्या बोलू लागल्या. "माँ ने. चावल लगाने जाते थे ना, पानी में खड़े रहके. सुबह जाना, शाम को आना. घर में एक टाइम की भाकरी. तो माँ बोली, ये दाँत को लगा, भूख मरती है. सच में मरती है. चक्कर आता है पहले, फिर भूख नहीं लगती." त्या हसल्या. "सब लड़कियाँ लगाती थीं. दाँत घिसना बोलते थे उसको."

खाली बागेत कुणीतरी रेवडी वाटत होतं, त्याचा गलबला ऐकू येत होता.

"अब तो खाने को है ना, माताजी?" डॉक्टर ममताने विचारलं. हे तिच्या कागदावर नक्कीच नव्हतं.

"अब बहुत है," तानूबाई म्हणाल्या. "अब भूख नहीं, आदत है."

फोन बंद झाला. दीनानाथने दोन्ही हातांनी डोकं धरलं. "आई, कशाला सांगितलंस? तिने विचारलं नव्हतं."

"विचारलं नव्हतं म्हणून तर सांगितलं. तिचं काम अर्धवट राहिलं असतं की नाही?" तानूबाईंना त्याचा त्रागा कळेना. "आणि ही सगळ्या महाराष्ट्राला खरं बोलायला लावते, हिच्याच घरची सासू लबाड निघाली असती तर लोकांनी हिच्या तोंडावर काय म्हटलं असतं? मी काय कुणाचं चोरून लावते?"

प्रमोदिनीला राहवलं नाही. "आई," ती म्हणाली, "हिंदी मीच टाकायला सांगितलं. तुमची हिंदी चांगली म्हणून नाही. हिंदीत तो प्रश्न येत नाही म्हणून."

तानूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. प्रमोदिनीला वाटलं, आता चिडतील. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"म्हणजे माझी हिंदी चांगली नाही?" तानूबाईंनी विचारलं.

दीनानाथला हसू फुटलं. मग प्रमोदिनीलाही, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले ते काही केल्या थांबेनात. तानूबाईंनी इरकलीचा पदर पुढे केला. "पूस. नवी आहे, जपून पूस," त्या म्हणाल्या.

आठ दिवसांनी कंपनीचं पत्र आलं. विमा मंजूर, पण तंबाखूचं लोडिंग, हप्ता जवळपास पाव पटीने जास्त. मान्य असेल तर सही करा. दीनानाथ कुरकुरला. तानूबाईंनी मात्र पत्र वाचून घेतलं, पुन्हा एकदा वाचायला लावलं आणि म्हणाल्या, "वरचे पैसे मी देणार. ह्यांच्या पेन्शनमधून. लावणार मी आणि भरणार तू, हे काही मला चालायचं नाही. बरोबर आहे कंपनीचं." मग लेकाच्या पोटाकडे पाहून म्हणाल्या, "पण मग याच्या भटुऱ्यांचं कुठे लिहिलंय?"

"त्याच्या वजनाचा रकाना असतो आई," प्रमोदिनी म्हणाली.

"त्यात खरं लिहिलं का?"

दीनानाथ उठून पाणी प्यायला गेला. सही झाली.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत प्रमोदिनीने सिद्धांतला हे सगळं सांगितलं. तिला वाटलं, आता हा नक्की म्हणणार, बघ मी सांगत होतो. तो तसं काही म्हणाला नाही. "मग आता? सात-अ काढायला सांगशील?" एवढंच त्याने विचारलं. प्रमोदिनी म्हणाली, नाही. विचारायला हवंच, आणि खरंच लिहायला हवं, नाहीतर पुढे त्या बाईचेच हाल होतात. "पण सिद्धांत, चार वर्षं मी विचारतेय. किती वेळा, कधीपासून. हजारो बायका झाल्या असतील. का लावायला लागलात, हे मी एकीलाही विचारलं नाही. घरातलीलासुद्धा नाही. त्याला रकानाच नव्हता ना." सिद्धांतने त्या दिवशी भेंडीला हात लावला नाही.

त्या संध्याकाळी ती घरी आली तेव्हा दीनानाथ यायचा होता. तानूबाई स्वयंपाकघरात लसूण सोलत बसल्या होत्या. प्रमोदिनी समोर बसली आणि पाकळ्या सोलू लागली.

"पमा," तानूबाई म्हणाल्या, "मला विचार बघू. तू कसं विचारतेस ते ऐकायचंय. सगळ्यांना ऐकवतेस, मलाच कधी ऐकवलं नाहीस."

"आत्ता?"

"मग काय मुहूर्त काढायचाय?"

प्रमोदिनीने पाठ ताठ केली, घसा साफ केला आणि ऑफिसातला आवाज लावला. नमस्कार, मी डॉक्टर प्रमोदिनी बोलतेय, आपला हा कॉल रेकॉर्ड होतोय. तानूबाई खूश झाल्या. त्यांनी नाव सांगितलं, उंची सांगितली, वजन सांगितलं. पातळ कितीचं लागतं या प्रश्नाला त्यांनी सांगितलं की पातळाला माप नसतं, तुझी युक्ती बायकांवर चालत नाही. बीपी झालं, साखर झाली, गुडघा झाला. सातवा प्रश्न झाला. सात-अ झाला.

"मशेरी लावता का?"

"लावते."

"दिवसातून किती वेळा?"

"चार."

"कधीपासून?"

"ते तुला माहितीये."

"बस," प्रमोदिनी म्हणाली. तिचा आवाज पुन्हा घरचा झाला होता. "झालं आई. एवढंच असतं."

तानूबाई लसणीची एक पाकळी बोटांत फिरवत राहिल्या. "एवढंच? सोडायची आहे का, हे नाही विचारत?"

"नाही."

"विचार की मग."

प्रमोदिनीने हातातली सुरी खाली ठेवली. "आई, सोडायची आहे का?"

"आहे," तानूबाई म्हणाल्या. त्या हसत नव्हत्या. "ह्यांच्या आजारपणातच सोडायची होती. दोनदा सोडली, चार-चार दिवस. डोकं गरगरतं, हात कापतात, काही सुचत नाही. कुणाला सांगणार? तू डॉक्टर, दोनदा बोललीस आणि गप्प झालीस. मला वाटलं, हिच्या हातचं नसेल हे."

प्रमोदिनी उठली आणि त्यांच्याजवळ जमिनीवर बसली. तिने सासूचा हात धरला आणि आधी नाडी पाहिली. चार वर्षांत पहिल्यांदाच ती कुणाची तरी नाडी पाहत होती.

"चारची तीन करू आधी," ती म्हणाली. "दुपारची सोडायची. ती वेळ आली की मला फोन करा."

"तू फोनवर असतेस दिवसभर."

"तुमचा उचलेन."

दुसऱ्या दिवशी दुपारी साडेतीनला, सोलापूरच्या एका शिक्षकांचं वजन विचारता विचारता, प्रमोदिनीच्या मोबाइलवर "आई" असं नाव आलं. तिने शिक्षकांना म्हटलं, सर, दोन मिनिटं थांबा, माझा पेशंट आहे.